आमनेसामने लढणाऱ्यांचं आकाश

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या कादंबरीत ‘खड्गव्रती’ नावाचे डोंगरी लोक आहेत. त्यांचं एकच व्रत: आपलं नाव आणि कुळ सांगितल्याशिवाय, शत्रूच्या डोळ्यांत पाहिल्याशिवाय वार करायचा नाही. पाठीवर जखम घेऊन आलेल्याला ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. दुसऱ्या भागात त्यांच्या हाती उडणारी यंत्रं येतात आणि तिथे तुम्ही अडला आहात. असे लोक विमान स्वीकारतील का? स्वीकारलं, तर त्यांच्या युद्धात त्याचं स्थान काय असेल?

मी हवाई दलात 24 वर्षं काढली ती विमानाखाली, म्हणजे देखभालीच्या बाजूला. उडणाऱ्यांना मी रोज शिडीवरून चढताना आणि उतरताना पाहिलं. त्यामुळे माझ्या उत्तराला हँगरचा वास येईल. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आकाशापेक्षा हँगरमध्येच जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी सोपा भाग. ते विमान स्वीकारतील. एखादं हत्यार अप्रतिष्ठेचं आहे म्हणून लढवय्यांनी ते कायमचं टाकून दिलं, असं इतिहासात फारसं घडत नाही. युरोपात 1139 साली दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिश्चनांवर धनुष्यबाण आणि यांत्रिक धनुष्य चालवायला बंदी घातली. तरी पुढची कित्येक शतकं ती धनुष्यं युरोपभर चालतच राहिली. जपानमध्ये 1543 साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या बंदुका उतरल्या आणि 1575 साली नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या पायदळाने ताकेदा घराण्याच्या नामांकित घोडेस्वारांना गोळ्यांनी लोळवलं. तलवारीला आत्मा मानणाऱ्या देशात हे झालं. हत्यार आधी येतं, आणि मग त्याच्याभोवती मानाची नवी गोष्ट रचली जाते. तुम्हाला लिहायची आहे ती ही गोष्ट.

तुमचे खड्गव्रती डोंगरातले आहेत, म्हणजे उंचीचा फायदा त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. कड्यावरून धोंडा लोटताना कोणी नाव-कुळ सांगत बसत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. 1665 साली दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला तेव्हा त्याने आधी शेजारचा वज्रगड घेतला, कारण तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा डागता येत होत्या. मुरारबाजी समोरासमोर लढून पडला, त्याचं शौर्य आपण आजही सांगतो. पण वेढ्याचा निकाल वज्रगड पडला त्या दिवशी अर्धा लागला होता. डोंगरी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा तुमच्या लोकांच्या व्रतात उंचीबद्दल आधीपासून एखादी पळवाट, एखादी म्हण, एखादा जुना वाद असायलाच हवा. विमान आलं की पहिल्या सभेत म्हातारे तोच वाद उकरून काढतील. एक म्हणेल, कड्यावरून दगड टाकणं चालतं तर हे का नको. दुसरा म्हणेल, दगड टाकणारा कड्यावर दिसतो, त्याला खालून शिवी देता येते. मला हा दुसरा म्हातारा जास्त खरा वाटतो.

कारण मान जगतो साक्षीदारावर. तुमच्या व्रतातलं ‘नाव सांगणं’ नुसता शिष्टाचार नाही, ती साक्षीची सोय आहे. कोणी कोणाला मारलं हे दोन्ही बाजूंना कळावं, आणि संध्याकाळी शेकोटीजवळ ते सांगता यावं. महाभारतात भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही सैन्यं नियम ठरवतात: रथीने रथीशी लढावं, गजस्वाराने गजस्वाराशी, पायदळाने पायदळाशी. संजयाला तर दिव्यदृष्टी देऊन साक्षीदार म्हणून बसवलेलं आहे. आकाशात यातलं काहीच नाही. 3000 मीटर उंचीवर, ढगांच्या मागे, दोघं भिडले आणि एकच परत आला. त्याने सांगितलं तेच खरं धरायचं?

पहिल्या महायुद्धात युरोपच्या हवाई दलांना हा प्रश्न पडला. पाच विमानं पाडली की ‘एस’ ही प्रतिष्ठा फ्रेंचांनी रूढ केली. मग पाडलं याचा पुरावा काय, हे ठरवण्यासाठी जमिनीवरच्या निरीक्षकांच्या साक्षी, पडलेल्या विमानाचे अवशेष, सोबतच्या वैमानिकांचे जबाब अशी सगळी यंत्रणा उभी राहिली. जर्मन वैमानिक मानफ्रेट फॉन रिश्टहोफेन प्रत्येक विजयासाठी बर्लिनच्या एका जवाहिऱ्याकडून चांदीचा छोटा पेला कोरून घ्यायचा. युद्धकाळात चांदी मिळेना, तेव्हा साठाव्या पेल्यापाशी हा प्रकार थांबला. त्याचे विजय 80पर्यंत गेले. 21 एप्रिल 1918 रोजी तो पडला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या स्क्वाड्रनने त्याला बर्तांगलच्या स्मशानभूमीत लष्करी इतमामाने पुरलं. शत्रूने वाहिलेला हा मान खरा होता, त्यात नाटक नव्हतं.

पण त्याच रिश्टहोफेनचा गुरू ओस्वाल्ड बोएल्के याने 1916 साली नवख्या वैमानिकांसाठी लिहून ठेवलेले नियम वाचा. सूर्य पाठीशी ठेवा. शक्यतो मागून हल्ला करा. अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका. चार-सहाच्या गटाने तुटून पडा. तुमच्या व्रताच्या भाषेत हे पाठीत खंजीर खुपसण्याचं प्रशिक्षण झालं! आणि तरीही ऑक्टोबर 1916 मध्ये बोएल्के आपल्याच सहकाऱ्याच्या विमानाला घासून मेला, तेव्हा इंग्रज वैमानिकांनी त्याच्यासाठी पुष्पचक्र टाकलं. ही विसंगती लपवू नका, तीच तुमच्या कथेचं सोनं आहे. लढण्याची पद्धत आकाशाने ठरवली, कारण वेग आणि दृष्टी यांपुढे व्रत चालत नाही. मग मान लढाईतून निघून लढाईच्या आजूबाजूला जाऊन बसला: पेल्यांत, पुष्पचक्रांत, शत्रूला दिलेल्या मूठमातीत. तुमच्या खड्गव्रतींचंही असंच होईल. ते मागून मारतील, आणि मग खाली उतरून मेलेल्याचं नाव शोधून काढण्यासाठी जिवाचं रान करतील. वार करण्याआधी नाव सांगायचा नियम वार केल्यानंतर नाव विचारण्याचा होईल. एक पिढी त्याला पापक्षालन म्हणेल आणि पुढची पिढी परंपरा.

या काळात आपल्याकडचाही एक मुलगा होता. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर 10 विजय लागले आणि 22 जुलैला तो पडला. वय 19.

आता साक्षीदाराचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर बिघडला की काय होतं ते पाहा. ऑक्टोबर 1944 मध्ये फॉर्मोसा, म्हणजे आजचं तैवान, याच्या आसपास जपानी विमानांनी अमेरिकी आरमारावर चार-पाच दिवस हल्ले केले. परतलेल्या तरुण वैमानिकांनी पेटलेली जहाजं पाहिल्याचं सांगितलं. त्यांतली पुष्कळशी जळत होती ती त्यांच्याच सोबत्यांची कोसळलेली विमानं होती. टोकियोने 11 विमानवाहू नौका बुडवल्याची घोषणा केली. प्रत्यक्षात एकही बुडाली नव्हती. दोन क्रूझर जबर जखमी झाल्या होत्या, एवढंच. आणि त्या खोट्या विजयाच्या भरवशावर लेते बेटावर निर्णायक लढाई देण्याचा निर्णय पक्का झाला. वरिष्ठांपैकी कोणालाच शंका आली नसेल असं मला वाटत नाही. पण मेलेल्या पोरांच्या पराक्रमावर शंका घ्यायची कोणी? मान देणं आणि तपासणं यांत मान जिंकला, आणि त्यापायी हजारो माणसं गेली.

इथून मी माझ्या मुद्द्यावर येतो. मला पूर्ण उत्तरात एकच गोष्ट सांगायची आहे, ती ही: विमान कबुलीवर चालतं. जिथे चूक सांगणं ही लाज आहे, तिथे विमान फार दिवस उडत नाही. तुमच्या खड्गव्रतींचा खरा शत्रू समोरचं राज्य नाही, ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द आहेत.

समजावून सांगतो. उड्डाणाच्या आधी विमानाबरोबर एक कागद येतो, आम्ही त्याला फॉर्म 700 म्हणतो. त्यावर फिटर सही करतो, इलेक्ट्रिकवाला सही करतो, हत्यारवाला सही करतो, आणि सगळ्यांत शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. परत आल्यावर काय बिघडलं ते तो त्याच कागदात लिहितो. या सह्यांना मी आयुष्यात सगळ्यांत जास्त मान दिला. लग्नाच्या नोंदणीवर सही करताना माझा हात जेवढा जपून चालला नाही, तेवढा त्या कागदावर चालायचा. कारण वर जाणारा माणूस माझ्या कामाची तपासणी करू शकत नाही, तो फक्त माझ्या सहीवर विश्वास ठेवू शकतो.

दुसरी गोष्ट हत्यारांच्या फळीची. प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हर याची आकृती फळीवर रंगवलेली असते. काम संपलं की हत्यार आपापल्या आकृतीवर टांगायचं. एक जागा जरी रिकामी दिसली, तरी ते विमान उडणार नाही. विसरलेला एक पाना नियंत्रणाच्या तारांमध्ये अडकला, की वैमानिकाची काठी वळत नाही.

एका तळावर, मध्यरात्रीनंतर, एक नवा मुलगा माझ्यापाशी येऊन उभा राहिला. कपाळावर घाम. म्हणाला, “सर, माझा आरसा सापडत नाही.” खाचाखोचांत पाहण्यासाठी दांडीला लावलेला छोटा आरसा असतो, तो. पहाटे चार विमानं उडायची होती आणि त्याने रात्रीत चारहीवर काम केलं होतं. चारही थांबवली. आम्ही सात जण उजाडेपर्यंत पॅनेल उघडत होतो. आरसा तिसऱ्या विमानाच्या पोटात मिळाला. सकाळी तळप्रमुखांनी सगळ्यांना उभं केलं आणि त्या मुलाचा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. चूक त्याचीच होती. आभारही त्याचेच मानले. तुमच्या खड्गव्रतींच्या गावात हा मुलगा आरशाबद्दल बोलला असता का? पाठीवर जखम असलेल्याला जे उंबऱ्याबाहेर ठेवतात, ते आरसा हरवणाऱ्याला कुठे ठेवतील? तो गप्प राहील. पहाटे विमान उडेल. आणि पडलेल्या वैमानिकाची समाधी बांधून त्यावर ‘शत्रूने पाडला’ असं लिहितील.

या एका प्रसंगावर तुमचा अख्खा दुसरा भाग उभा राहू शकतो.

महाभारताच्या त्या नियमांत अजून एक वाक्य आहे, जे लोक पटकन विसरतात: सूतावर म्हणजे सारथ्यावर, वाहनाच्या पशूंवर, शस्त्रं आणून देणाऱ्यांवर, भेरी आणि शंख वाजवणाऱ्यांवर प्रहार करू नये. म्हणजे व्रताने जमिनीवरच्या माणसाला संरक्षण दिलं, पण मान दिला नाही. कर्णाला रंगभूमीवर सूतपुत्र म्हणून हिणवलं, ते याच मनोवृत्तीतून. हवाई युद्ध हे उलटं करतं. त्यात सगळ्यांत आधी मारले जातात ते शस्त्रं आणून देणारेच. जून 1967 मध्ये इस्रायलने पहिल्या काही तासांत इजिप्तची बरीचशी विमानं धावपट्ट्यांवर उभी असतानाच जाळली. 1971 च्या डिसेंबरात भुजची धावपट्टी पाकिस्तानी बॉम्बनी फुटली, तेव्हा तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या हाताशी माणसं नव्हती. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे 300 बायका आल्या. वरून हल्ला आला की झुडपांत पळायचं, भोंगा वाजला की परत दगड-माती वाहायची. सुमारे 72 तासांत धावपट्टी उभी केली. शत्रूला वरून दिसू नये म्हणून शेणाने सारवली. त्यांच्या हाती ना तलवार होती ना कुळाचा ध्वज. तुमच्या व्रतात अशा बायकांसाठी कोणता शब्द आहे? नसेल तर तो कथेत जन्माला येऊ द्या, आणि तो सहजी येऊ देऊ नका. म्हातारे विरोध करतील, करू द्या.

सारथ्याचा धागा अजून पुढे नेता येईल. शाल्वाने सौभ नावाच्या आकाशगामी नगरातून द्वारकेवर हल्ला केला, ती वनपर्वातली कथा तुमच्या विषयाला फारच जवळची आहे. त्यात प्रद्युम्न बेशुद्ध पडतो आणि त्याचा सारथी रथ रणातून बाहेर काढतो. शुद्धीवर आल्यावर प्रद्युम्न त्याच्यावर चिडतो: पाठ दाखवून पळालो असं यादवांच्या बायका म्हणतील, त्यापेक्षा मेलो असतो तर बरं! सारथी शांतपणे सांगतो, रथी बेशुद्ध पडला तर त्याचं रक्षण करणं हा सारथ्याचा धर्म आहे. मग प्रद्युम्न परत जातो आणि लढतो. माझ्या लेखी हवाई युद्धाचं सगळं शहाणपण या दोघांच्या बोलण्यात आहे. वीराचा धर्म पुढे जायचा, सारथ्याचा धर्म परत आणायचा. हवाई दल म्हणजे या दोन धर्मांमधलं रोजचं भांडण, आणि ते भांडण मिटू न देण्याची शिस्त.

जपानने ते भांडण मिटवून टाकलं, वीराच्या बाजूने. युद्धाच्या सुरुवातीला त्यांच्या आरमारी वैमानिकांची निवड इतकी कडक होती की तसे हात जगात फार थोड्या ठिकाणी होते. झिरो हे विमानही अप्रतिम होतं. लांबवर जायचं, चपळ वळायचं. ते वजन वाचवून साधलेलं. वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रा नाही, गोळी लागली तर आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या नाहीत. अनेक वैमानिक पॅराशूटही बांधत नसत, कारण शत्रूच्या प्रदेशात उतरून कैदी होणं हीच खरी मानहानी. जानेवारी 1941 मध्ये लष्कराने सैनिकांना दिलेल्या आचारसंहितेत कैदी होण्याची लाज पत्करून जगू नका, असं स्पष्टच होतं. अमेरिकेने काय केलं? अनुभवी वैमानिकांना ठरावीक मुदतीनंतर आघाडीवरून काढून घरी पाठवलं, नव्या मुलांना शिकवायला. जॉन थॅचने तर दोन-दोन विमानांनी एकमेकांची पाठ राखत आडवंतिडवं उडण्याची पद्धत बसवली, जिच्यापुढे झिरोचं एकट्याचं कौशल्य हतबल झालं. जपानचे उत्तमोत्तम वैमानिक आघाडीवर लढत राहिले, मरेपर्यंत. जून 1944 मध्ये फिलिपिन समुद्रातल्या लढाईत जे जपानी वैमानिक उडाले, त्यांच्यातल्या बहुतेकांना शिकवायला कोणी जुना उरलाच नव्हता.

इथे एक माणूस लक्षात ठेवा, साबुरो साकाई. 7 ऑगस्ट 1942 रोजी ग्वादालकॅनाल बेटावर उडताना त्याच्या डोक्यात गोळी लागली, एका डोळ्याची दृष्टी गेली. तो रक्त गाळत, मधूनमधून शुद्ध हरपत, हजारएक किलोमीटर अंतर तोडून चार तासांहून जास्त वेळाने रबाऊलच्या जपानी तळावर परतला. समुद्रात जहाज शोधून त्यावर आदळण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. तो परत आला म्हणून पुढे त्याला शिकवता आलं. तुमच्या खड्गव्रतींत असा एक काणा गुरू असू द्या, आणि परत आल्याबद्दल त्याच्याच घरात त्याच्याशी कोणी धड बोलत नाही, असंही दाखवा.

25 ऑक्टोबर 1944. फॉर्मोसाच्या खोट्या विजयानंतर दहा दिवसही झाले नव्हते. उपअ‍ॅडमिरल ओनिशी ताकिजिरोने उभ्या केलेल्या आत्मघाती तुकडीचं पहिलं मोठं यश त्या दिवशीचं. लेफ्टनंट सेकी युकिओच्या तुकडीने अमेरिकी आरमारावर झेप घेतली आणि सेंट लो ही छोटी विमानवाहू नौका बुडाली. तुकड्यांना नावं दिली होती ती एका जुन्या कवितेतली, त्यात डोंगरातल्या चेरीच्या फुलांचं नावही होतं. सेकीच्या पाच विमानांसोबत संरक्षणाला चार विमानं होती, आणि त्यांच्याकडे आणखी एक काम होतं: पाहायचं, परत यायचं, सांगायचं. साक्षीदार! मरणाचा सगळा अर्थ साक्षीवर अवलंबून असल्यामुळे साक्षीदाराला जिवंत ठेवणं भाग पडलं. त्या साक्षीदारांचा म्होरक्या निशिझावा हिरोयोशी, जपानच्या सर्वश्रेष्ठ वैमानिकांपैकी एक. दुसऱ्याच दिवशी तो मालवाहू विमानात प्रवासी म्हणून बसलेला असताना ते पाडलं गेलं. हातात काठी नाही, समोर शत्रू नाही. आकाश व्रताची पर्वा करत नाही, याहून स्पष्ट मी कसं सांगू?

मला कोणी विचारतं, ती पोरं शूर नव्हती का? होती. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि त्यांच्या वयाच्या मुलांना शिडीवर चढताना मी इतकी वर्षं पाहिलं असल्यामुळे त्यांच्याविषयी वाचताना अजूनही घसा दाटतो. पण ज्या दलात परत येण्याला मान नसतो, तिथे शिकवणारे उरत नाहीत, आणि मग शौर्य स्वस्त होत जातं. प्रशिक्षणाला वर्षं लागतात, मरायला एक सकाळ. 21 मार्च 1945 रोजी ओका नावाचे माणूस बसवलेले बॉम्ब पोटाशी बांधून बॉम्बर विमानं निघाली, ती लक्ष्याजवळ पोहोचायच्या आतच सगळीच्या सगळी पाडली गेली.

आता दुसरी बाजू, जिचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. खड्गव्रतींच्या हाती विमान येण्याऐवजी ते त्यांच्या डोक्यावर आलं तर? मानाच्या नियमाने बांधलेले लोक बॉम्बखाली कसे वागतात, याचं उदाहरण आपल्या उपखंडात आहे. वझिरिस्तानच्या पठाण टोळ्यांचं जीवन पख्तूनवलीवर चालतं: पाहुणचार, शरण आलेल्याला आसरा, आणि बदला. 1925 साली मार्च ते मे या काळात ब्रिटिश हवाई दलाने केवळ विमानांच्या जोरावर मेहसूद टोळ्यांना नमवण्याची मोहीम चालवली. बॉम्ब टाकण्याआधी पत्रकं टाकायचे, अमुक दिवसापासून गाव सोडा. बायका-मुलं गुहांत जायची, घरं आणि गुरं खाली राहायची. पठाणाच्या दृष्टीने या शत्रूचा चेहरा नव्हता, त्याच्यावर बदला घ्यायचा तर कोणावर? उत्तर मिळालं ते इंजिन बंद पडून खाली उतरलेल्या वैमानिकात. म्हणूनच ब्रिटिश वैमानिक खिशात एक चिठ्ठी ठेवायचे, स्थानिक भाषेत लिहिलेली: याला धडधाकट परत आणणाऱ्याला बक्षीस मिळेल. एकीकडे बदल्याचा हक्क, दुसरीकडे दाराशी आलेल्याला आसरा देण्याचं बंधन, तिसरीकडे रोख रक्कम. पडलेला वैमानिक अंगणात उभा आहे आणि घरच्या म्हातारीने ठरवायचं आहे. हा प्रसंग तुमच्या कादंबरीत नसेल तर मला हळहळ वाटेल. आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रनही 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात याच वझिरिस्तानात उडाली, वापिटी विमानं घेऊन. तिचे पहिले यंत्रकामगार ‘हवाई सिपाही’ म्हणून ओळखले जायचे. माझ्या व्यवसायाचे ते आद्य पुरुष, पण ज्यांच्या घरांवर ते बॉम्ब चढवून देत होते त्यांचंही मला विसरता येत नाही.

अदृश्य शत्रूखाली राहिलेल्या लोकांना एक भयंकर मोह होतो. रामायणात इंद्रजित आकाशात लपून बाण मारतो, दिसत नाही. चिडलेला लक्ष्मण म्हणतो, ब्रह्मास्त्र सोडतो आणि सगळे राक्षसच संपवतो. राम त्याला थांबवतो: एकासाठी सगळ्यांना मारणं योग्य नाही, जो लढत नाही, लपला आहे, हात जोडून शरण आला आहे, पळतो आहे, त्याला मारू नये. तुमच्या लोकांकडे विमान आलं की हा लक्ष्मण प्रत्येक घरात जन्मेल. व्रताची खरी कसोटी तिथे आहे, समोरासमोरच्या द्वंद्वात नाही.

काही बारीक गोष्टी सुचवतो, पटल्या तर घ्या. उडणारी यंत्रं सुरुवातीला थोरल्या कुळांच्या वारसांना मिळतील, आणि ते मरतील, कारण कुळाच्या वारसाला ‘तुझं वळण चुकतंय’ असं सांगायची हिंमत यंत्र बांधणाऱ्या सुताराला होणार नाही. मग यंत्रं त्यांच्या हाती जातील ज्यांना तलवार नाकारली होती. सोव्हिएत संघाने 1942 मध्ये बायकांची एक रात्रीची बॉम्बर रेजिमेंट उभी केली, क्रमांक 588. लाकडी सांगाड्यावर कापड चढवलेली पो-2 विमानं, इंजिन मंद करून अंधारात घरंगळत यायची. त्यांची दुरुस्तीही बायकाच करायच्या. उडणारी आणि दुरुस्त करणारी एकाच ताटात जेवत असल्या की चूक सांगणं सोपं जातं, हा माझा अनुभव आहे. तुमच्या कथेत हे पथक यशस्वी का होतं याचं कारण त्यांचं धाडस देऊ नका, जेवणाची पंगत द्या.

आणि यंत्राच्या सांगाड्यावर कुळाच्या चिन्हाशेजारी सुताराचंही चिन्ह असू द्या. ते तिथे पहिल्यांदा कोणी कोरलं, कोणी खरवडून काढलं, आणि परत आलेल्या कोणत्या वैमानिकाने स्वतःच्या कट्यारीने पुन्हा कोरलं, हे तुम्ही लिहा. मला वाचायला पाठवा. हँगरमधलं काही चुकलं असेल तर मी कळवीन.